पाथवाले बप्पा

"इन्स्टॉल झालंय, पण चालंना," असं म्हणत कुणी दुकानात शिरलं की बप्पा हातातलं काम खाली ठेवतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि समोरचं स्टूल पायानंच पुढं सरकवतात. माणूस अजून उंबऱ्यातच असतो. त्याला बस म्हणायच्या आधी बप्पांचा प्रश्न येतो, "काय म्हनला?"

"कोण?"

"तो. लॅपटॉप."

"काय नाही, एरर आला."

"एरर आला ते मला बी कळलं. त्याबिगर तू इथवर कशाला येतो? पर म्हनला काय?"

हे आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही. पडद्यावर इंग्रजीत लांबलचक काही उमटलं की ते वाचायचं नसतं, कोपऱ्यातली फुली दाबून घालवायचं असतं, असा आपल्याकडं सर्वमान्य संकेत आहे. कर्जाच्या कागदावर साहेबांनी पेन्सिलीनं फुली केली असेल तिथं सही करायची आणि एररच्या चौकटीवर फुली असेल तिथं बोट दाबायचं. मधला मजकूर वाचत बसणारा माणूस एक तर वकील असतो, नाही तर रिकामटेकडा. बप्पा दोन्ही नाहीत. तरी ते वाचतात, मोठ्यानं वाचतात आणि वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून वाचतात.

असा एक जण हल्ली बहुतेक बाजारगावांत सापडतो. पाटी भलत्याच धंद्याची असते, शिक्षण विचारलं तर विषय बदलतो, आणि कॉलेजातल्या सरांनी हात टेकले की पोरं त्याच्याकडं येतात. ईटचे बप्पा या जातीतले. ईट म्हणजे भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचं गाव. त्याच पट्ट्यात खर्डा, 1795 साली मराठ्यांनी निजामाला जिथं हरवलं ते. पण गावातल्या गप्पा लढाईच्या नसतात, बोअरच्या असतात. पाऊस बेताचा, बोअर खोल, त्यामुळं मोटारी जळणं हा इथला बारमाही उद्योग. बप्पांची पाटीही त्याचीच: 'मोटार वाइंडिंग, स्टार्टर व सबमर्सिबल दुरुस्ती, मु. पो. ईट, जि. उस्मानाबाद'. जिल्ह्याचं नाव 2023 साली सरकारी कागदांवर धाराशिव झालं, पाटीवर अजून झालेलं नाही. कुणी बोट दाखवलं की "रंगाऱ्याला सांगितलंय" हे उत्तर ठरलेलं. आत वार्निशचा उग्र वास, तांब्याच्या तारेची रिळं, उघडी पडलेली मोटारींची पोटं आणि या सगळ्याच्या मधोमध लोखंडी रॅकवर एक जुना डेस्कटॉप.

हा डेस्कटॉप तिथं कसा आला त्याची हकीकत बप्पा रंगवून सांगतात. एमकेसीएल 2001 साली स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी कोर्स सरकारी नोकरीला लागू लागला आणि गावोगाव संगणकाचे वर्ग निघाले. अशाच एका वर्गाचा यूपीएस बप्पांनी दुरुस्त केला. वर्गचालकाकडं पैसे नव्हते, एक जागा रिकामी होती. त्यानं पैशांऐवजी बप्पांना कोर्सला बसवलं. बाकीची मुलं वर्डमध्ये अर्ज टाइप करायला शिकली. बप्पांची नजर एका काळ्या खिडकीवर गेली, जिच्यात काही बोलल्याशिवाय काही घडत नव्हतं आणि चुकीचं बोललं तर ती तसं तोंडावर सांगत होती. "बाकी सगळी चित्रं हैत," बप्पा म्हणतात, "ही एकटी बोलती." पुढं आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले मराठीतले धडे कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिले. ते बघून त्यांनी लिनक्सही पचवलं. शिकवणारा आवाज मराठी, पडद्यावरच्या आज्ञा इंग्रजी. बप्पांना हा सौदा मान्य होता.

आता त्यांचा मुख्य सिद्धान्त. तो वाइंडिंगच्या धंद्यातून आलाय. बोअरमधली मोटार बंद पडली म्हणून शेतकरी धावत आला की बप्पा पहिलं वाक्य बोलतात ते, "वर काढू नको." चार-पाचशे फुटांवरची मोटार वर काढायची म्हणजे गाडी आली, कप्पी आली, माणसं आली, दिवस गेला, हजारोंचा चुराडा झाला. आणि एवढं करून बघावं तर मोटार ठणठणीत, स्टार्टरचा रिले पडलेला. म्हणून आधी वर बघायचं: फेज येतोय का, फ्यूज आहे का, स्टार्टर ओढतोय का, केबल कुठं खाल्लीय का. संगणकातलं काही चालेना झालं की लोक ते काढून टाकतात आणि पुन्हा इन्स्टॉल करतात. बप्पांच्या लेखी ते मोटार वर काढणं. आणि त्याहून पुढं जाऊन जो "फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकतो" म्हणतो, त्या बसस्टँडजवळच्या पोराचं नाव ते तोंडानं घेत नाहीत. नुसतं "तो बोअर बुजवणारा" म्हणतात.

या सिद्धान्ताची जवळून ओळख करून घ्यायची तर शूटिंगवाल्याची गोष्ट ऐकावी. हा पोरगा लग्नाचं आणि कीर्तनाचं शूटिंग करतो. दोन तासांच्या कीर्तनाची फाइल एवढी मोठी होते की ती कुणाच्या मोबाइलवर जात नाही. पुण्यातल्या मित्रानं त्याला सांगितलं, एफएफएमपेग वापर, फुकट आहे. खरंच आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं 2000 साली सुरू केलेलं हे काम, आज व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या किती सॉफ्टवेअरच्या पोटात ते बसलंय याची गणती नाही. पोरानं झिप उतरवून घेतली, उलगडली, आत बिन नावाचा फोल्डर, त्यात तीन फायली. पहिलीवर दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी लपकन उघडली आणि तेवढ्यातच मिटली. परत मारली, परत तेच. झिप खराब असेल म्हणून परत उतरवली. मग मशीन खराब असेल म्हणून भावाच्या लॅपटॉपवर उतरवली. तिथंही लपकन.

"बप्पा, उघडतंय अन् मिटतंय."

"काय लिहिलेलं असतंय?"

"वाचू तवर जातंय की ओ."

"मग बिघडलेलं नाही ते," बप्पा म्हणाले. "तू त्याला हाक मारली. तो आला. काम काय म्हनला. तू गप. तो गेला. चूक कुणाची?"

पोरानं मान खाली घातली. कोणाची चूक हे ठरवण्यात बप्पांना भलताच रस असतो, आणि ती यंत्राची सहसा निघत नाही. मग त्यांनी काळी खिडकी आधी उघडली आणि तिच्यात नाव टाइप करायला लावलं. आता खिडकी मिटली नाही. तिनं उत्तर दिलं. बप्पांनी पोराला ते उभं राहून वाचायला लावलं: "एफएफएमपेग इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड, ऑपरेबल प्रोग्राम ऑर बॅच फाइल."

"म्हंजी काय?"

"म्हंजी नाही," पोरगा म्हणाला.

"नाही म्हनलाय का कुठं? परत वाच."

बप्पांच्या मते जगातले निम्मे घोटाळे 'नाही' आणि 'सापडत नाही' यांची गल्लत केल्यानं होतात. या खिडकीला काही आज्ञा तोंडपाठ असतात: डीआयआर, सीडी, कॉपी, सीएलएस. त्या आतल्या. बाकी प्रत्येक नाव म्हणजे कुठंतरी पडलेली एक फाइल. ती आधी तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथं शोधली जाते आणि तिथं नसली तर पाथ नावाच्या एका यादीतल्या फोल्डरांत, यादीतल्या क्रमानं. यादी संपली की शोध संपला. डिस्कवर इतरत्र ती फाइल असेलही. तिकडं कुणी फिरकत नाही. ही युक्ती जुनी आहे. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, 1979 साली, पाथ आजच्या रूपात होता आणि एमएस-डॉसमध्ये तो 1983 च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरांबरोबरच आला. 'बहात्तरचा दुष्काळ' अशी सुरुवात गावातले इतर म्हातारे करतात, तशी बप्पांची सुरुवात "त्रेऐंशी सालापासून हे असंच हाय" अशी असते.

मग यादीत पत्ता घालायचा कार्यक्रम. इथं बप्पा माऊसला हात लावत नाहीत, मुद्दाम. पोरानं शोधत शोधत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची चौकट गाठली आणि पत्ता घातला, पार ईएक्सई फाइलपर्यंतचा. बप्पा गप्प. चालेना. "फायलीचा पत्ता नको, ती ज्या फोल्डरात हाय त्याचा दे." दिला. तरी चालेना. कारण झिप उलगडताना फोल्डरात त्याच नावाचा फोल्डर झालेला, आणि पोरानं वरच्याचा पत्ता दिलेला. तोही सुधारला. ओके दाबलं. पण एकात एक अशा तीन चौकटी उघडलेल्या असतात, त्यातल्या एकीला ओके मिळालं, दुसरीची त्यानं सवयीप्रमाणं फुली दाबली. केलेलं सगळं पाण्यात. "फुली!" बप्पा एवढ्या जोरात ओरडले की बाहेर स्टार्टर घेऊन उभा असलेला शेतकरी दचकून आत आला.

शेवटी तिन्ही ओके झाले. पोरानं काळ्या खिडकीत नाव टाइप केलं. नॉट रेकग्नाइज्ड.

आता बप्पा उठले. हा त्यांचा आवडता क्षण. "ती खिडकी मिट. दुसरी उघड." खिडकी उघडताना त्या घडीची यादी घेऊन उघडते आणि मिटेपर्यंत तीच धरून बसते, नंतर यादीत काय घातलं याचा तिला पत्ता नसतो. दुसरी उघडली, नाव टाइप केलं, आणि एफएफएमपेगनं आपली आवृत्ती, आपल्या बांधणीची वंशावळ आणि वापरायची रीत भडाभडा सांगितली. पोरगा आनंदानं ओरडला. बप्पा मात्र लगेच मोटारीकडं वळले. चालू लागलेल्या गोष्टीत त्यांना राम वाटत नाही.

'ती खिडकी मिट, दुसरी उघड' हे वाक्य एव्हाना गावात म्हणीसारखं झालंय. सोयरीक मोडली तरी लोक ते म्हणतात. बप्पांचे आकडेही असेच रुळले. लिनक्समध्ये आज्ञा सापडली नाही तर शेल 127 हा आकडा परत देतं, आणि सापडली पण चालवायची परवानगी नसेल तर 126. बप्पांनी हे स्पोकन ट्युटोरियलच्या नादात कुठंतरी पकडलं आणि रोजच्या बोलण्यात आणलं. "ग्रामसेवक कुठाय?" "127." "आन् साहेब?" "हैत की खुर्चीत. 126." चहाच्या टपरीवर हे सर्रास चालतं आणि बाहेरगावच्या माणसाला वाटतं मटक्याचा आकडा लावताहेत.

बप्पा आजारांचे प्रकार काटेकोर पाळतात. सापडत नाही तो एक. सापडतो पण परवानगी नाही तो दुसरा. लिनक्सवर उतरवलेली फाइल चालवायचा हक्क तिला द्यावा लागतो, आणि पॉवरशेलमध्ये एनपीएम म्हटल्यावर 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' असं लाल अक्षरांत आलं तर पाथ तपासत बसणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. सापडला, परवानगीही आहे, पण त्याला लागणारी एखादी डीएलएल नाही, तो तिसरा. एकाचं औषध दुसऱ्याला देणाऱ्यावर ते संतापतात. मला विचाराल तर इथंच त्यांचं खरं मोठेपण आहे, कारण हे तिन्ही आजार येणाऱ्याच्या तोंडी एकाच नावानं येतात: 'चालंना'.

खव्याच्या भट्टीवाल्यांची मुलगी आली तेव्हाचा प्रसंग मी स्वतः बघितला. भूमकडचा खवा पार पुण्या-मुंबईला जातो. रोजचं दूध किती, खवा किती पडला, हिशेब कसा, याचा छोटा प्रोग्राम तिला पायथनमध्ये लिहायचा होता. कॉलेजचा प्रकल्प म्हणून आणि वडलांची वही बंद व्हावी म्हणून. पायथन इन्स्टॉल केलं, पण नाव टाइप केलं की मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडायचं.

"बप्पा, मी हाक मारते याला, अन् उघडतंय दुकान."

"बस माय. पायथन घालताना पहिल्या पानावर खाली बारीक चौकोन हुता, त्यात बरोबरची खूण केली हुती का?"

"कुठला चौकोन?"

हा चौकोन बप्पांचा जुना वैरी. पायथनच्या विंडोजवरच्या इन्स्टॉलरमध्ये पाथमध्ये नाव घालायचा पर्याय पहिल्याच पानावर तळाशी असतो, आणि तो आपणहून निवडलेला नसतो. त्याच्यावरच्या मोठ्या ओळीवर सगळे बोट दाबतात आणि पुढं जातात. मग यादीत खऱ्या पायथनचा पत्ता जात नाही. पण विंडोज 10 च्या 2019 च्या आवृत्तीपासून पायथन याच नावाची एक पोकळ फाइल आधीपासून तिथं बसलेली आहे, जिचं काम फक्त स्टोअर उघडणं. बप्पांनी तिला 'व्हेअर पायथन' टाइप करायला लावलं. उत्तरात एकच पत्ता आला, विंडोजॲप्स फोल्डरातला. मग त्या फायलीचा आकार बघायला लावला. शून्य बाइट.

"शून्य!" बप्पा प्रसन्न झाले. "आत काय बी नाही, अन् दारात उभं राहून सगळ्यांना भलतीकडं पाठवतंय."

सेटिंग्जमध्ये जाऊन ती टोपणनावं बंद केली, इन्स्टॉलर पुन्हा उघडून पर्याय बदलला, खूण केली. दुसरी खिडकी. चाललं. पण पुढं एक बाहेरचं साधन घालताना पुन्हा अडलं, आणि या वेळी पाथचा दोष नव्हता. लॅपटॉप विकणाऱ्यानं तिच्या वडलांच्या समोर मशीन सुरू करून दिलं होतं आणि नाव काय घालू विचारल्यावर वडलांनी भक्तिभावानं सांगितलं होतं, 'श्री गणेशाय नमः'. विंडोजनं त्याच नावाचा फोल्डर केला. मधे मोकळ्या जागा, आणि अक्षरं देवनागरी. बरीच साधनं अशा पत्त्याला बिचकत नाहीत, पण जुनाट वळणाची काही असतात ती मोकळी जागा आली की पत्ता तिथंच संपला असं समजतात, आणि इंग्रजीबाहेरचं अक्षर दिसलं की त्यांच्या तोंडून प्रश्नचिन्हं बाहेर पडतात.

बप्पांपुढं धर्मसंकट उभं राहिलं. नाव बदल म्हणावं तर देवाचं. शिवाय वरचं नाव बदललं तरी आतल्या फोल्डरचं बदलत नाही, हेही त्यांना माहीत. बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर ते म्हणाले, "देवाचं तसंच राहू दे. उघडल्यावर दर्शन घ्यायचं. कामाला दुसरं खातं काढ, इंग्रजीत, लहान अक्षरात, मोकळी जागा न सोडता." तसं केलं. संध्याकाळी भट्टीवरून पळसाच्या पानात ताजा खवा आला. बप्पा पैसे घेत नाहीत. त्यांच्या घरातल्यांचं याबद्दलचं मत वेगळं आहे.

आणि खरं सांगायचं तर बप्पा सोसवायला सोपे नाहीत. पाच मिनिटांचं काम ते तासभर चालवतात, कारण प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची असते. एकदा बँकेच्या रांगेत उभे असताना काचेपलीकडच्या पडद्यावर उमटलेला एरर त्यांनी रांगेतून खणखणीत आवाजात वाचून दाखवला. आत बसलेल्या बाईंनी पडदा भिंतीकडं फिरवला. पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, मॅकवाला. त्याला ते आपणहून फोन करतात. "टर्मिनल काय म्हनतंय?" ॲपलनं 2019 च्या कॅटालिनापासून झेडशेल मूळ शेल केलं, आणि पुतण्या जुन्या सवयीनं बॅशच्या फायलीत पाथ लिहीत बसला होता, ते बप्पांनी इथून ओळखलं. तेव्हापासून पुतण्या फोन उचलायच्या आधी विचार करतो. प्रिंटरला मात्र ते हात लावत नाहीत. "ते बोलत नाही," म्हणतात, "नुसता दिवा लुकलुकवतंय. मुक्यांचं मी करत नाही."

त्यांची सगळ्यात मोठी लढाई फोनवर झाली. भूमला खोली करून राहणाऱ्या एका पोरानं कुठलासा व्हिडिओ बघून पाथमध्ये पत्ता घालायचा झटपट मार्ग धरला: ॲडमिनिस्ट्रेटर होऊन सेटएक्स नावाची आज्ञा. ही आज्ञा 1024 अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते. कापते आणि तसं सांगतेही: आधी एक ओळ वॉर्निंगची, की मजकूर 1024 अक्षरांवर तोडलाय, आणि तिच्याच खाली, सक्सेस. पोरानं सक्सेस तेवढं वाचलं. थोड्या वेळानं जावा चालेना, गिट चालेना, जे काल चालत होतं तेही चालेना. त्यानं बप्पांना फोन लावला.

"काय म्हनला?" वगैरे झालं. वॉर्निंग ऐकल्यावर बप्पांनी एक शिवी दिली, जी मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती. मग एकदम सावध होऊन विचारलं, "ज्या खिडकीत ती आज्ञा दिली, ती उघडी हाय का मिटली?"

"हाय अजून. मिटू का? दुसरी उघडू?"

"मिटू नको!" बप्पा उभेच राहिले. "हात बी लावू नको तिला!"

दुकानात बसलेले आम्ही सगळे थक्क. ज्या माणसानं उभ्या गावाला खिडकी मिटायला शिकवलं, तो मिटू नको म्हणतोय! पण हिशेब सरळ होता. उघडी खिडकी उघडतानाची यादी धरून बसते, आणि सेटएक्सनं केलेला बदल त्या चालू खिडकीला लागत नाही. म्हणजे तोडलेली यादी सगळीकडं होती आणि अख्खी फक्त त्या एका खिडकीत.

"लाइट हाय का?"

"सकाळीच गेली, बप्पा."

"बॅटरी?"

"नऊ टक्के."

पुढची पाच मिनिटं बप्पांनी जे केलं त्याला आज्ञा सांगणं म्हणतात, पण ते रणांगणावरून ओरडणं होतं. "लिही. एको. मोकळी जागा. टक्क्याचं चिन्ह. पाथ. परत टक्का. आता मोठ्यापेक्षाचं चिन्ह."

"मोठ्यापेक्षा म्हंजी कुठलं?"

"टोक उजवीकडं असलेलं!"

"माझ्या उजवीकडं का तुमच्या?"

बप्पांनी डोळे मिटून घेतले. रिळावरची तार त्यांच्या मुठीत वाकडी झाली. "तुझ्या, लेका. तुझ्या. मग जुना डॉट टीएक्सटी. डेस्कटॉपवर जाऊन पड म्हनावं." डेस्कटॉपचा पत्ता सांगताना उलट्या तिरक्या रेघेवरून पुन्हा एक वाद झाला, तेवढ्यात सहा टक्के झाले. एंटर दाबल्याचा आवाज फोनमधून आम्हाला इथवर ऐकू आला. फाइल झाली. पोरानं तिचा मोबाइलवर फोटो काढला, बप्पांनी सांगितलं म्हणून. अर्धविरामांनी जोडलेली पत्त्यांची ती लांबलचक माळ संध्याकाळी लाइट आल्यावर एकेक ओळ करून परत बसवली. मधे एक मेलेला पत्ताही निघाला, कधीच काढून टाकलेल्या जुन्या जावाचा. तो बप्पांनी काढायला लावला नाही. कशाला हात लावायचा, जोवर नडत नाही?

परवा एक नवाच मुलगा आला. अकरावीतला असेल. बप्पांनी स्टूल सरकवलं, चष्मा नाकावर आणला.

"काय म्हनला?"

"काही नाही. पायथन घातलं. तुम्ही सांगता म्हणून आधीच त्या चौकोनात खूण केली, नवीन खिडकी उघडली. पहिल्या झटक्यात चाललं. तुम्हाला सांगायला आलो."

बप्पांनी लॅपटॉप ओढून घेतला. आवृत्ती विचारली, मिळाली. 'व्हेअर' विचारलं, एकच पत्ता, बरोबर. खिडकी मिटली, दुसरी उघडली. चाललं. मशीन बंद करून परत चालू केलं. चाललं. पिप चाललं. वापरणाऱ्याचं नाव बघितलं: इंग्रजी, लहान अक्षरं, मोकळी जागा नाही. बप्पांनी चष्मा काढून मुलाकडं नीट निरखून बघितलं.

"हे इथंच ठेवून जा," ते म्हणाले. "सांजच्याला ये. तवर बिघडंल."